सध्या हातात काय आहे? वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की यंदाच्या पावसाळ्यात मी गोधडी शिवायला घेतलीय, तर त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की दोन दिवस नुसती वाचत बसले होते. निम्म्या जणींनी गोधडीबद्दल विचारलंय आणि बाकीच्यांनी घरातलं, स्वयंपाकघरातलं, मुलांचं, रिटायर झालेल्या माणसांचं. सगळ्यांना या वेळी उत्तर देता येणार नाही, पण जे प्रश्न फिरून फिरून आलेत ते घेतलेत. नावं मुद्दामच छापत नाहीये.

ताई, तुमचं सध्या काय काय चालू आहे ते एकदा सगळं सांगा ना. काय खाताय, काय ऐकताय, घरी संध्याकाळी काय करता? मला दुसऱ्यांच्या घरातलं वाचायला फार आवडतं.
— नाशिकची एक मैत्रीण

मलाही आवडतं गं, म्हणून तर हे सदर लिहिते. तर ऐक. सकाळी ओट्यावर रेडिओ, विविध भारती. १९५७ सालापासून चालू आहे ती आणि आमच्या सासूबाईंना गाण्याचं म्युझिक सुरू झालं की कुठलं गाणं ते कळतं, शब्द यायच्या आधीच, आणि मग पोळ्या लाटता लाटता त्या गाण्याच्या वेळी त्या कुठे होत्या, कोणाचं लग्न होतं, असं सगळं निघतं. फोनवर गाणी लावली तर हे होत नाही, कारण तिथे आपण आपल्याला हवं तेच लावतो.

खाण्यात सध्या रानभाज्या. सासूबाई कर्जतकडच्या, त्यामुळे पहिला पाऊस पडला की त्यांचं लक्ष शेवळांकडे. आणि शेवळं आणली की सोबत काकडं आणायचीच, ती छोटी आंबट हिरवी फळं असतात ना ती, कारण शेवळं नुसती केली तर घसा असा खाजतो की विचारू नकोस. अळूला चिंच घालतो तसंच ते. शेवळांचा सीझन संपला आता, सध्या टाकळ्याची कोवळी पानं, कांदा आणि भरपूर ओलं खोबरं घालून. एक मात्र सांगते, रानभाजी ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्यायची, फोटो बघून स्वतः तोडायला जायचं नाही.

संध्याकाळी पत्ते, त्याबद्दल खाली लिहिलंय. आणि दिवाणावर अर्धी झालेली गोधडी. आमच्या साताऱ्याकडे वाकळ म्हणतात. माझ्या आजीचं इरकली लुगडं आहे त्यात, वरचा पदर तोच ठेवलाय. किती तरी वर्षं धुऊन धुऊन ते कापड इतकं मऊ झालंय की सुई आपोआप आत जाते, आवाजच येत नाही, आणि मध्येच एका जागी आजीने रफू केलेलं आहे, बारीक, उभे-आडवे टाके, ती जागा आली की मी धावदोरा थोडा वळवून घेते, तिच्या टाक्यांवरून माझा टाका जाऊ देत नाही.

मिस्टर मार्चमध्ये रिटायर झाले. दिवसभर हातात मोबाईल, आलेले फॉरवर्ड सगळ्यांना पाठवायचे आणि माझ्या स्वयंपाकात चुका काढायच्या. मी म्हटलं काहीतरी छंद लावून घ्या तर चिडले. काय करू?
— कोल्हापूर

काकू, "छंद लावून घ्या" हे वाक्य त्यांना "आता तुम्हाला काही काम नाही" असंच ऐकू येतं हो. आमच्याकडे आप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, अगदी हेच झालं होतं. चाळीस वर्षं रोज साडेआठला डबा घेऊन बाहेर पडलेला माणूस, त्याला एकदम घरात सोडलं तर तो तरी काय करणार?

आमच्याकडे बदल झाला तो एका पक्ष्यामुळे. माझ्या मुलाला शाळेतून प्रोजेक्ट होतं, घराजवळचे पक्षी ओळखा, आणि मला वेळ नव्हता म्हणून मी आप्पांना म्हटलं, तुम्ही बसाल का त्याच्याबरोबर सकाळी अर्धा तास? माझी खरंच अडचण होती म्हणून ते बसले. गॅलरीसमोर शेवग्याचं झाड आहे, त्याच्या एका वाळक्या फांदीत तांबट भोक पाडत होता. चिमणीएवढा पक्षी, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा, आणि चोचीने एकसारखा लाकूड टोकरतोय आणि भुसा तोंडाने बाहेर टाकतोय. आप्पा कसबा पेठेत वाढलेले, तांबट आळी तिथेच. तो जो टुक टुक टुक आवाज येतो ना तासन् तास, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा, तो ऐकून आप्पा म्हणाले अरे हा तर आमच्या आळीतला आवाज. बस, तिथून जे सुरू झालं ते आजपर्यंत.

आता त्यांच्याकडे दुर्बीण आहे, आठ बाय बेचाळीसची. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये. नवीन माणसाला हीच बरी, कारण दहापटीच्या दुर्बिणीत हात थोडा हलला तरी सगळं थरथरतं, आणि वयस्कर माणसांचा हात हलतोच. मोबाईल काढून घ्यायची गरजच पडली नाही बघा! मर्लिन नावाचं ॲप आहे, फुकट आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या पक्षी प्रयोगशाळेने केलंय, त्यात पक्ष्याचा आवाज रेकॉर्ड केला की नाव सांगतं. कधीकधी चुकतं, आणि ते चुकलं की आप्पांना जो आनंद होतो! नव्वद टक्के वेळ शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

परवा आमच्या कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजीराने घरटं केलं. कोळ्याचं जाळं, वाळकी पानं, कसला कसला कचरा, लोंबणारी पिशवी तयार केली आठवड्याभरात, आणि बहुतेक सगळं काम मादीच करते, नर आपला आजूबाजूला गात फिरतो. आप्पांनी फर्मान काढलंय की त्या तारेवर कपडे घालायचे नाहीत. ऐन पावसाळ्यात! घालत नाही आम्ही.

तर काकू, छंद म्हणून सांगू नका, काहीतरी काम मागा. नातवंडं असतील तर त्यांच्या निमित्ताने. दुर्बीण कपाटात ठेवू नका, खिडकीशी खिळ्याला अडकवा, आणि शेजारी वही-पेन. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घरबसल्या पक्षी मोजायचा उपक्रम असतो, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, कमीत कमी पंधरा मिनिटं बसून मोजायचं आणि नोंद पाठवायची. आपण पाठवलेली नोंद खरोखर अभ्यासाला वापरली जाते म्हटल्यावर माणूस डबा घेऊन ऑफिसला निघाल्यासारखा बसतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

मी २७ वर्षांची आहे, हिंजवडीत जॉब. क्रोशाची लोकर, वॉटरकलर, युकुलेले, मातीची भांडी बनवायचा एक वर्कशॉप, सगळं करून झालं आणि सगळं अर्धवट. कपाट उघडलं की गिल्टी वाटतं. माझ्यात चिकाटीच नाही का?
— पिंपरी

तुझ्यात चिकाटी नाही असं मला मुळीच वाटत नाही. रोज दोन तास त्या ट्रॅफिकमधून जाऊन येतेस ती चिकाटीच आहे. तुझ्या पत्रातच एक शब्द आहे बघ, कपाट. सगळं कपाटात आहे. नऊ तास काम करून आलेलं माणूस कपाट उघडून, पिशवी काढून, त्यातून सुई शोधून, कुठपर्यंत आलो होतो ते आठवून मग दोन ओळी विणणार, हे होतच नाही. त्याच्या आधी फोन हातात येतो कारण फोन हातातच असतो.

मी स्वतः तीन वर्षं एक गोधडी ट्रंकेत ठेवून होते. मग यंदा दिवाणावर पसरूनच ठेवली, सुई त्यात टोचलेली, दोऱ्यासकट. पाहुणे आले तर तिच्यावरच बसतात. आणि आता चहा उकळेपर्यंत सुद्धा चार टाके होतात. घर छोटं असेल तर टोपलीत ठेव, पण टोपली उघडी आणि तू जिथे बसतेस तिथेच, दुसऱ्या खोलीत नाही.

आणि चारही गोष्टी ठेवू नकोस. एकच. जिच्यात हात थकलेले असताना सुद्धा बरं वाटतं ती. बाकीचं देऊन टाक कोणाला तरी, युकुलेले सोसायटीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला दे, तो वाजवेल आणि तुला ऐकू येईल. आणि हो, त्याचे फोटो टाकायचे नाहीत पहिले सहा महिने. फोटोसाठी केलं की नीट जमलंच पाहिजे असं होतं आणि मग नाही जमलं की सुटतं.

बिडाचा तवा हौसेने आणला, घावन चिकटतात, तुकडे तुकडे होतात. सासूबाई म्हणतात नॉनस्टिकच बरा.
— डोंबिवली

तव्याला अजून तेलाचा थर बसला नाहीये एवढंच. पहिल्यांदा घासून धू, लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा कर. मग तेलाचा अगदी पातळ हात, आणि लावून झालं की कापडाने पुसून काढ, जणू काही लावलंच नव्हतं इतकं. इथेच सगळ्यांची चूक होते, तेल जास्त ठेवलं की थर कडक न बसता चिकट होतो. आता धूर येईपर्यंत तापव, गार होऊ दे, पुन्हा तेच. असं चार-पाच वेळा. त्यानंतर महिनाभर त्याच्यावर भाकरी नाही, पोळी नाही, फक्त तेल लावून करायचे पदार्थ. घावन घालायच्या आधी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरव, आपल्या आज्या करायच्या तसा. टोमॅटो ऑम्लेट सध्या त्याच्यावर नको, आंबटाने थर जातो. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नकोस, बीड तडकतं. आणि भिजत घालून ठेवायचा नाही कधीच, पावसाळ्यात तर रात्रीत गंज धरतो.

सासूबाईंना पहिलं न चिकटलेलं घावन दे, नारळाच्या रसात बुडवून.

मुलगा दहावीत, मुलगी सहावीत, नवरा लॅपटॉपवर. चार माणसं चार कोपऱ्यात. जेवतानासुद्धा कोणी बोलत नाही. तुमच्याकडे असं होत नाही का?
— सोलापूर

होतं की. आमच्याकडे पण दहावी आहे यंदा. जेवताना बोला असं सांगून कोणी बोलत नाही, उलट आपण प्रश्न विचारायला लागतो, क्लासमध्ये काय झालं, टेस्टचे मार्क आले का, आणि पोरगं ताटावरून लवकर उठतं. माझं असंच व्हायचं. मी प्रश्न विचारणं बंद केलं आणि पत्त्यांचा कॅट डायनिंग टेबलवर ठेवायला लागले, मीठ-लोणच्याच्या शेजारी.

तीन जण असले तर पाच-तीन-दोन. सगळ्या आठ ते एक्क्यांची अठ्ठावीस पानं आणि बदाम सत्ती, इस्पिक सत्ती, अशी तीस, म्हणजे प्रत्येकाला दहा. एकाने पाच हात करायचे, एकाने तीन, एकाने दोन, आणि हुकूम पाचवाला ठरवतो, तेही पहिली पाच पानं बघूनच. ज्याचे हात जास्त झाले तो पुढच्या डावात कमी पडलेल्याकडून पान ओढतो. एक डाव पाच-सात मिनिटांत होतो, त्यामुळे दहावीवाल्याला पण "एकच डाव" म्हणून बसवता येतं. चौघं असलो की मेंढीकोट, जोड्या पाडून, दश्श्या गोळा करायच्या. आप्पा आणि मुलगी एका बाजूला असले की माझा आणि नवऱ्याचा निभाव लागत नाही, ती पोरगी कोणाकडे कुठली दश्शी आहे ते डोक्यात ठेवते.

आणि गंमत बघा, पत्ते हातात असले की मुलं आपणहून बोलतात. नजर पानांवर असते ना, आपल्याकडे बघून बोलायचं नसतं. मुलाने त्याला गणित झेपत नाहीये हे मला उतारी करता करता सांगितलं. मी पान टाकलं, "बरं" म्हटलं, आणि डाव पूर्ण केला. मग दुसऱ्या दिवशी आम्ही त्यावर बोललो.

आम्ही डब्लिनला असतो. मुलं आठ आणि पाच वर्षांची. आजीशी व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटांत "हाय आजी, बाय आजी" होतं. मराठी समजतं पण बोलत नाहीत. आजीला वाईट वाटतं.

आजीला कॅमेऱ्यासमोर बसवून नुसतं बोलायला लावलं तर मोठ्या माणसांचं पण बोलणं संपतं हो. कॉलवर काहीतरी करायला हवं. तुमच्याकडे रविवारी सकाळी दहा म्हणजे सध्या आमच्याकडे दुपारचे अडीच, आजीचं जेवण आवरलेलं असतं, ही वेळ चांगली. फोन परातीकडे वळवा आणि आजीला भाकरी शिकवू दे.

मुद्दाम भाकरी म्हणतेय, कारण ती पहिल्यांदा मोडतेच आणि मग बोलावं लागतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी कडकडीत घ्यायचं, पीठ ताजं लागतं, जुन्या पिठाची विरी गेलेली असते आणि भाकरी थापताना कडेने फाटते. आता "विरी" हा शब्द तुमच्या आठ वर्षांच्या लेकाला कुठल्या मराठी शिकायच्या ॲपमध्ये मिळणार? तो आजीच सांगणार, त्याच्या फाटलेल्या भाकरीकडे बघून. गरम पाणी तुम्ही घाला, थापायचं काम मुलांना द्या. आणि त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं तर विचारू दे, मध्ये पडून "मराठीत बोल" म्हणू नका. आजी मराठीत उत्तर देईल. थाप, फिरव, पीठ लाव, पाणी फिरव. हे चार शब्द तर पहिल्याच दिवशी तोंडात बसतात.

कुंडीत करटोलीचा वेल लावलाय, दोन वर्षं झाली, भरपूर फुलं येतात, एकही करटोलं नाही.
— अलिबाग

बहुतेक तुमचा वेल नर आहे. करटोलीत नर वेगळा आणि मादी वेगळी असते. फुलाच्या खाली बघा, बारीक काटेरी करटोल्यासारखी गाठ असेल तर मादी, नुसता देठ असेल तर नर. उपटून टाकू नका, नर पण लागतोच. शेजारी मादीचा कंद मिळवून लावा, बियांपासून लावलं तर काय निघेल ते फूल आल्याशिवाय कळत नाही. गच्चीवर किडे कमी येत असतील तर नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर हलकेच टेकवा. आणि हिवाळ्यात वेल सुकला की मेला समजू नका, कंद खाली जिवंत असतो, पुढच्या पावसाला फुटतो.

आई जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या चौदा साड्या कपाटात आहेत, सहा नऊवारी, बाकी सहावारी. तुमचं गोधडीचं वाचलं आणि वाटलं करावी, पण कात्री लावायची म्हटलं की हात थांबतो. बहीण म्हणते देऊन टाक. काय करू कळत नाही.
— कराड

तुमचं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तिला सांग कात्री लागतच नाही.

खरंच लागत नाही. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. ती मधोमध दुमडायची आणि पुन्हा एकदा दुमडायची, की दोन मीटर लांबीचे चार पदर होतात, एका माणसाच्या पांघरुणाएवढे. सहावारी साडेपाच मीटरची असते, तिच्या तीन घड्या घातल्या तरी पावणेदोन मीटरच्या पुढे जाते. म्हणजे एक साडी अख्खीच्या अख्खी एका गोधडीत राहते, काठ-पदरासकट, एक सूतही कापायचं नाही. जुन्या बायका असंच करायच्या.

फक्त सुती साड्या घ्या. सिंथेटिक आत घसरते आणि गोळा होते. सिल्क असेल तर ती तशीच ठेवा. आणि एक साडी, जी आई रोज घरात नेसायची, ती अजिबात धुऊ नका आणि शिवूही नका, वेगळ्या पिशवीत ठेवा. बाकीच्यांमधून दोन-तीन बहिणीला द्या, तिलाही हव्या असतील, "देऊन टाक" म्हणणाऱ्यांनाच कधीकधी मागता येत नाही.

घाई करू नका, पण खूप लांबवूही नका, सुती कापड घडीवर विरतं, वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं तर तिथेच फाटतं. निदान आज-उद्या काढून घड्या बदला आणि उन्हाची उघडीप मिळाली की दोन तास वारा द्या.

शिवायला बसाल तेव्हा जमिनीवर सतरंजी घालून त्यावर साडी पसरा. चारी कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवा, आमच्याकडे पाटे-वरवंटे ठेवायच्या, मी डाळीचे डबे ठेवते. आधी मोठे मोठे टाके घालून पदर एकमेकांना धरवून घ्या, ते नंतर काढायचे. मग कडेने सुरुवात करा, चारी बाजूंनी एक फेरा, मग त्याच्या आत दोन बोटांवर दुसरा, असं आत आत यायचं. प्रत्येक वेळी डाव्या हाताचा तळवा कापडावरून पुढे फिरवत न्यायचा, चुणी राहिली तर ती हातालाच कळते, डोळ्यांना दिसत नाही. टाके एकसारखे आले नाहीत तरी चालतील, पहिल्या फेऱ्याचे माझे तर तांदळाएवढे आणि गव्हाएवढे असे मिसळून आहेत. दोरा साडीच्या रंगाचा घेऊ नका, वेगळा घ्या, म्हणजे टाका दिसतो.

दसऱ्याच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतात, तोवर होईल की नाही याची चिंता करू नका. माझी पण होणार नाहीये. आणि पहिल्या दिवशी बहिणीला बोलवा. साडी पसरताना समोरची दोन टोकं धरायला कोणीतरी लागतंच.